दखलपात्र आणि अदखलपात्र : मराठी साहित्यातील न दिलेली फिर्याद

१

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळलेली आहे की तिच्यातील 'कोर्ट' हा शब्द परका आहे, याचेही भान आपल्याला राहत नाही. म्हणीचे आजचे रूप वसाहतकाळातले असावे, हे त्या एका शब्दावरून उघड होते. म्हणजे ज्या व्यवस्थेने कायद्यापुढील समानतेचे आश्वासन दिले, तिच्या पायरीशीच लोकभाषेने हा इशारा लावून ठेवला. पुढे पोलीस ठाण्याची पायरीही या इशाऱ्यात आपोआप समाविष्ट झाली. गुन्हा घडतो, ज्याच्यावर घडतो त्याला तो ठाऊक असतो, शेजारच्या चार घरांनाही ठाऊक असतो, परंतु ठाण्याच्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. या अनुभवाला आपल्या समाजजीवनात एक प्रकारची सर्वमान्यता आहे.

समाजशास्त्र या मौनाची कारणे भीती, आर्थिक परावलंबन, लोकलज्जा आणि जातीय दहशत यांत शोधते आणि ती खरीही आहेत. साहित्यसमीक्षेने मात्र ही कारणे जशीच्या तशी उचलून त्यांवर एक सोपे रूपक उभे केले. १९२० साली 'मूकनायक' हे नाव घेऊन डॉ. आंबेडकरांचे पत्र निघाले, तेव्हा त्या नावातील 'मूक' हे विशेषण एका राजकीय वस्तुस्थितीचे निदर्शक होते. सत्तरीनंतरच्या आत्मकथनांविषयी लिहिताना आपण त्याचे रूपांतर एका कथासूत्रात केले : आधी समाज मुका होता, मग साहित्याने त्याला वाचा दिली, मौन फुटले. या कथासूत्रात मौन म्हणजे निव्वळ रिक्तता, शब्दांचा अभाव.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. माझे म्हणणे असे की, फिर्याद न देणाऱ्याचे मौन अनेकदा अज्ञानातून आलेले नसते. फिर्याद नावाच्या लेखनप्रकाराचे, त्यातील निवेदकाच्या स्थानाचे आणि त्या लेखनाच्या पुढील प्रवासाचे एक नेमके ज्ञान त्याच्या मुळाशी असते. हे ज्ञान मराठीतील काही महत्त्वाच्या संहितांनी आपल्या रूपबंधात सामावून घेतले आहे. समीक्षेने ते ओळखले नाही, तर तीही त्या संहितांशी ठाणे अंमलदारासारखी वागण्याचा संभव आहे.

२

पहिली खबर, म्हणजे फिर्याद, कशी लिहिली जाते हे वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्यासारखे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३, यांनुसार खबर देणारा तोंडी सांगतो, अधिकारी ती लिहून घेतो किंवा लिहवून घेतो, सांगणाऱ्यास वाचून दाखवतो आणि सांगणारा खाली सही किंवा अंगठा करतो. म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. परंतु निवेदन मात्र प्रथमपुरुषी. 'मी' हे सर्वनाम ज्याचे आहे त्याची भाषा संहितेत नाही, आणि ज्याची भाषा आहे त्याने तो अनुभव घेतलेला नाही. निवेदनशास्त्राला चक्रावून टाकील अशी ही रचना आपल्या प्रत्येक ठाण्यात रोज सिद्ध होत असते.

जबाबाची सुरुवात ठरलेली आहे : 'समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देतो की…'. यातील 'विचारल्यावरून' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. जबाब म्हणजे उत्तर. पण प्रश्न संहितेतून वगळलेले असतात. कोणत्या प्रश्नामुळे सांगणारा अमुक तपशिलाकडे वळला आणि कोणत्या दरडावणीमुळे त्याने तमुक तपशील गाळला, याचा मागमूस राहत नाही. जे उरते ते स्वयंस्फूर्त कथनासारखे दिसते. ज्या बाईला 'त्याने माझ्या अंगावर हात टाकला' एवढेही सांगताना चार वेळा थांबावे लागले, तिच्या जबाबात एकही थांबा उमटत नाही. अडखळणे, रडणे आणि विषयांतर हे कथनाचे घटक तेथे बाद ठरतात. शेवटी 'माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' हे वाक्य येते आणि सांगणाऱ्याचे कर्तृत्व त्याच्यावर कायमचे लादले जाते.

या लेखनाचा पुढील प्रवासही पाहावा. फिर्याद हा स्वतंत्र पुरावा नव्हे. तिचा उपयोग फिर्यादीच्या न्यायालयातील साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा ती खोडून काढण्यासाठी होतो. तपासात नोंदलेल्या साक्षीदाराच्या जबाबाचा उपयोग तर मुख्यतः त्याला विसंगत ठरविण्यासाठीच करता येतो. फिर्यादीस विलंब झाला असेल, तर त्या विलंबाचे स्पष्टीकरण मागितले जाते. म्हणजे मौनाचे तास आणि दिवस मोजले जातात आणि ते सांगणाऱ्याच्या विरुद्ध उभे राहू शकतात. आणखी एक गोष्ट. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचता येणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याने २५ व्या कलमात सांगितले आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ते तत्त्व कायम ठेवले. ठाण्यात जे लिहिले जाते ते दडपणाखाली लिहिले जाऊ शकते, असा या तरतुदीचा अर्थ. राज्यसंस्था आपल्याच शिपायाच्या लेखणीविषयी दीडशे वर्षे जी साशंकता बाळगून आहे, तीच साशंकता एखाद्या मजुराने बाळगली की आपण तिला अज्ञान म्हणतो!

नोंद करण्याचे बंधन कायद्यात असूनही ती केली जातेच असे नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद केलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठास ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली निःसंदिग्धपणे सांगावे लागले. कलमाचा जो अर्थ साध्या वाचनातून निघतो तो प्रस्थापित व्हायला एवढी उठाठेव लागावी, यातच ठाण्याच्या पायरीची उंची दिसते.

३

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ साली रंगभूमीवर आलेले नाटक या संदर्भात पुन्हा वाचले पाहिजे. लीला बेणारेच्या बळी जाण्याविषयी, मध्यमवर्गीय दांभिकतेविषयी, खेळाचे शिकारीत रूपांतर होण्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण या नाटकात कोर्ट आहे आणि फिर्यादी नाही, या साध्या गोष्टीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. अभिरूप न्यायालयात न्यायाधीश आहे, दोन्ही पक्षांचा एकच वकील आहे, साक्षीदार आहेत, आरोपी आहे. भ्रूणहत्येच्या ज्या आरोपावर खटला उभा आहे त्याची तक्रार मात्र कोणीही केलेली नाही. उलट, त्या दालनात ज्या एका व्यक्तीजवळ सांगण्यासारखी फिर्याद आहे तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

बेणारेच्या अखेरच्या स्वगतात तिच्या आयुष्यातल्या पहिल्या पुरुषाचा, सख्ख्या मामाचा, उल्लेख येतो. त्या वेळी ती अल्पवयीन मुलगी होती. नाटक लिहिले गेले तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतही सोळा वर्षांखालील मुलीची संमती ही संमती मानली जात नव्हती. तेव्हा जे घडले ते कायद्याच्या भाषेत सरळसरळ गंभीर गुन्हा होते. बेणारे मात्र ते प्रेम म्हणून, फसवणूक म्हणून, आपल्या देहाच्या कहाणीतले एक प्रकरण म्हणून सांगते. नाटकातील इतरांना तो तिच्या चारित्र्याचा पुरावा वाटतो. आणि आपण, नाटकाचे वाचक आणि समीक्षक? आपणही दामल्यांच्या भ्याडपणाची आणि काशीकर-सुखात्म्यांच्या क्रौर्याची चर्चा करतो. मामाचा गुन्हा आपल्याही चर्चेत 'अदखलपात्र' राहतो. नाटकातील कोर्टाने जे ऐकले नाही ते नाटकाच्या समीक्षेनेही बरेचसे ऐकलेले नाही.

स्वगताची रंगमंचीय योजना येथे निर्णायक ठरते. काशीकर तिला आपले म्हणणे मांडण्यासाठी अवघे दहा सेकंद देतात. सारी पात्रे जागच्या जागी गोठतात आणि ती बोलते. तिचे बोलणे संपताच सगळे पुन्हा हलू लागतात व निकाल सुनावला जातो. म्हणजे ती बोलली की नाही? प्रेक्षकांच्या लेखी बोलली; कोर्टाच्या नोंदीत ती गप्पच राहिली. या नोंदीसमोर सामंताची साक्ष ठेवून पाहावी. त्याने काहीही पाहिलेले नाही. जवळच्या एका कादंबरीतून उचललेले प्रसंग तो साक्ष म्हणून सांगतो आणि कोर्ट ते मन लावून ऐकते. रचलेली गोष्ट दखलपात्र ठरते, जगलेली गोष्ट वेळेअभावी बाद होते. तेंडुलकरांनी बेणारेला मौन दिले नाही, भरभरून भाषा दिली. मात्र त्या भाषेला कोर्टात कान दिला नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ साली उपेक्षितांच्या बोलण्याविषयी जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे मर्मही तोंडापेक्षा कानाशी निगडित आहे. मराठी रंगभूमीवर हा प्रश्न त्याआधी वीस वर्षे मांडला गेला होता.

४

या नाटकानंतर पाच वर्षांनी, २६ मार्च १९७२ रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात जे घडले ते 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने न्यायालयीन इतिहासात नोंदले गेले आहे. ज्या आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारात अत्याचार झाला, तिला ठाण्यात जावे लागले ते तिच्या भावाने तिला पळवून नेल्याची फिर्याद दिल्यामुळे. फिर्याद नोंदली गेली, जबाब घेतले गेले आणि त्यानंतर गुन्हा घडला. 'पायरी चढू नये' या म्हणीला यापेक्षा भीषण भाष्य मिळणे कठीण.

सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, आरडाओरडा झालेला नाही, तेव्हा संमती असली पाहिजे, अशी त्या निकालाची तर्करेषा होती. येथे मौनाचे वाचन झाले आहे. तेही चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशा पद्धतीने. ठाण्याच्या बंद आवारात, रात्री, वर्दीतील पुरुषापुढे एका मुलीने काढलेला किंवा न काढलेला आवाज हे चिन्ह. आणि संदर्भ पुसून टाकून त्याला दिलेला अर्थ 'होकार'. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिअध्यापकांनी सरन्यायाधीशांना जे खुले पत्र लिहिले त्याचे मोल एरवी कायद्याच्या व स्त्रीचळवळीच्या इतिहासात मोजले जाते. माझ्या मते ते एका संहितेच्या चुकीच्या वाचनाविरुद्ध लिहिलेले समीक्षालेखनही आहे. निमूट राहणे आणि संमती देणे यांत भेद आहे, हा त्याचा गाभा. आणि तो भेद संदर्भाशिवाय कळत नाही.

१९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराबाबत पुराव्याचा भार फिरविला. पीडितेने संमती नव्हती असे सांगितल्यास ती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद झाली. याच दुरुस्तीने पीडितेचे नाव छापण्यास मनाई केली. म्हणजे कायद्याने एका मौनाचा अन्वयार्थ बदलला आणि दुसऱ्या मौनाला संरक्षण म्हणून मान्यता दिली. सगळी मौने सारखी नसतात, हे कायद्याला कळले. समीक्षेला ते कळणे त्याहून अवघड नसावे.

५

फिर्यादीच्या या व्यवस्थेत काही समाजांना मुळातच फिर्यादीची जागा नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या त्यांचे ठाण्याशी नाते हजेरीचे होते. ठाण्यात जायचे ते आपल्यावर झालेला अन्याय सांगायला नव्हे, आपण गावातच असल्याचा पुरावा द्यायला. १९५२ साली कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु पोलिसी दप्तराची स्मृती कायद्यापेक्षा दीर्घायुषी निघाली. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन या स्मृतीच्या छायेत घडते. त्यातील पोलीस बोलावल्याशिवाय येतात. घराची झडती, मारहाण आणि पैशाची उकळणी हे ऋतुचक्रासारखे नित्याचे आहे. या घरावर झालेल्या कोणत्याही अत्याचाराची खबर द्यायची तर ती अत्याचार करणाऱ्याकडेच द्यावी लागणार.

'उचल्या'चा निवेदक एक विलक्षण गोष्ट करतो : आपल्या माणसांच्या चोऱ्या, त्यांच्या युक्त्या, त्यांचे प्रशिक्षण हे सारे तो मोकळेपणाने सांगतो. ज्या गोष्टी पोलिसांच्या मारानेही जबाबात आल्या नाहीत, त्या येथे आपणहून येतात. मिशेल फूकोने कबुलीजबाब हा सत्तेने सत्य निपजविण्याचा विधी मानला. 'उचल्या' तो विधी उलटवते. कबुली आहे, पण ती ऐकणाऱ्याच्या हाती दंडुका नाही. आणि कबुलीच्या ओघात आरोपीच फिर्यादी होतो. या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. एवढेच की पुरस्काराने पुस्तकाची दखल घेतली, पुस्तकातील फिर्यादीची नव्हे.

दया पवारांच्या 'बलुतं'ची (१९७८) निवेदनरचनाही या दृष्टीने पाहावी. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो, लिहितो. सांगणारा आणि लिहिणारा हे विभाजन जबाबातलेच आहे. फरक असा की दोघे एकाच देहात राहतात आणि त्यांच्यातील ताण लपविलेला नाही. जबाबात जो सांधा घासून गुळगुळीत केला जातो, तो येथे उघडा ठेवला आहे.

आणखी अवघड उदाहरण बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकाचे. महार समाजातील सुनांवर सासरी होणाऱ्या अत्याचारांची, अगदी नाक कापण्यापर्यंतच्या क्रौर्याची, वर्णने त्यात आहेत. कायद्याच्या दृष्टीने ही गंभीर दुखापत आहे. पुस्तकात मात्र ठाणे जवळजवळ नाहीच. कारण उघड आहे : ज्या वस्तीला पाण्यासाठी गावापुढे हात पसरावे लागतात, तिने आपल्या घरातला गुन्हा गावाच्या पोलिसाकडे कसा न्यावा? तेथे घरातील पुरुषाविरुद्धची फिर्याद ही सगळ्या जातीविरुद्धची साक्ष ठरण्याचे भय असते. बेबीताईंनी हे लेखन घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे ठेवले होते. स्वतःला नवऱ्याकडून झालेल्या मारहाणीविषयी त्या बोलल्या त्या नंतर, मुलाखतीत. पुस्तकात निवेदन 'आम्ही'चे राहिले. म्हणजे ज्या संहितेला आपण मौन फोडणारी म्हणतो, तिच्याही पोटात एक न दिलेली फिर्याद होती. ती का दिली नाही हे ओळखणे म्हणजे पुस्तकात खोट काढणे नव्हे. सामूहिक 'आम्ही' हा रूपबंध किती किमतीला विकत घेतला गेला, हे त्यावरून कळते.

६

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. मौनाला ज्ञान म्हणणे ही मौनाची भलामण नव्हे काय? गुन्हेगाराला तर तेच हवे असते.

यासाठी फिर्यादीचे मौन आणि साक्षीदाराचे मौन यांत भेद केला पाहिजे. आपल्या भाषेत दुसऱ्या मौनाला खेळकर शब्द आहे : अळीमिळी गुपचिळी. बेणारेचे मौन आणि तिच्याभोवती गोठलेल्या पात्रांचे मौन ही एकच गोष्ट नाही. पहिल्याला किंमत मोजावी लागते, दुसऱ्याला मोबदला मिळतो. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या घरातील स्त्रियांनी त्याआधी एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढे साक्ष दिली होती आणि आरोपी जामिनावर सुटले होते. त्या गप्प बसल्या नव्हत्या, त्यांनी व्यवस्थेवर विश्वास ठेवला होता. गप्प बसला तो गाव. अशा वेळी पीडितांना 'मौन सोडा' असा उपदेश करणारी भाषा जबाबदारीचे ओझे नेमके चुकीच्या खांद्यावर ठेवते. मौनाची संस्कृती म्हणायचीच असेल तर ती ऐकणाऱ्यांची, पाहणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची आहे. तिचा दोष सांगणाऱ्याच्या पदरी टाकता येत नाही.

आणि लिहून घेणाऱ्यांत आपणही येतो. मराठीत 'दखल' हा शब्द पोलीस ठाण्यात जसा चालतो तसाच तो साहित्यव्यवहारातही चालतो. गुन्हा दखलपात्र असतो किंवा अदखलपात्र. पुस्तकाचीही समीक्षा दखल घेते किंवा घेत नाही. आत्मकथनांपुढे समीक्षेने जे प्रश्न ठेवले ते आठवून पाहावेत. हे कितपत खरे? इतक्या उशिरा का सांगितले? भाषा अनघड का? तेच ते पुन्हा का? हे प्रश्न वाङ्मयीन आहेत अशी आपली समजूत असते. त्यांचा क्रम आणि त्यांतील संशय मात्र ठाण्यातला आहे. आपल्या समीक्षालेखातही हे प्रश्न गाळले जातात आणि फक्त उत्तरे छापली जातात, जबाबासारखीच.

जे लोक ठाण्यात गेले नाहीत ते पुस्तकाकडे आले. वाचकाजवळ अटक करण्याचा अधिकार नाही, तपासाची यंत्रणा नाही, नुकसानभरपाई देण्याची ऐपत नाही, हे त्यांना माहीत होते. त्यांनी मागितले ते इतकेच की, सांगताना जेथे ते थांबले तेथे लिहून घेणाऱ्यानेही थांबावे आणि तो थांबा दप्तरातून खोडू नये. तेंडुलकरांच्या नाटकात काशीकरांनी दिलेले दहा सेकंद संपून अनेक वर्षे झाली. बेणारेने मामाविषयी जे सांगितले त्याची नोंद अजून व्हायची आहे.